आईची कवळी आणि मेडिकलच्या आठ चकरा

घरातलं म्हातारं माणूस भाकर वरणात कुस्करून, भिजवून खात असेल तर आधी त्याच्या तोंडात बघा. मोबाईलचा टॉर्च पुरतो. आमच्या आईच्या तोंडात मी पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती. खाली चार दात शिल्लक होते, त्यातले दोन हलत होते. वर काहीच नव्हतं. एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. हसताना ती पदर तोंडाशी घ्यायची, मला वाटायचं लाजते.

आम्ही नागपुरातल्या इंदोऱ्याचे. बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते, 2002 मध्ये मिल बंद पडेपर्यंत. आईनं तीस वर्षं रामदासपेठेत भांडी-फरशी केली. तिथं गल्लीगल्लीत दातांच्या डॉक्टरांच्या पाट्या आहेत. ज्या घरी ती सर्वांत जास्त वर्षं होती, तिथल्या बाई तिच्याच वयाच्या. त्यांच्या दाढा दुखल्या तेव्हा रूट कॅनाल झालं, वर कॅप बसली. आईची दाढ दुखली की ती लवंग धरायची, मग गुडाखू म्हणजे तंबाखूची पेस्ट घासायची, आणि अगदीच सहन झालं नाही की जाऊन उपटून यायची. दर वेळी एक दात कमी. म्हातारपणी दात पडतातच, असं वस्तीत सगळे म्हणतात. वयानं दात पडत नाहीत. कीड आणि हिरड्यांच्या आजारानं पडतात, आणि वेळेवर कोणी बघितलं नाही म्हणून पडतात.

आधी आम्ही एका खाजगी दवाखान्यात गेलो होतो. काउंटरवर आडनाव विचारलं, मग कुठून आलात ते विचारलं. आत डॉक्टरांनी आईला तोंड उघडायला सांगायच्या आधीच सांगितलं, "सगळे काढून टाका, तुम्हाला तेच परवडेल." आई खुर्चीतून उठली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मले काय करायचे आता दात? चाल घरी." जातीचं काढू नका, असं मला काही जण सांगतात. पण आडनाव आणि वस्ती ऐकून उपचार ठरत असेल तर ते बोललंच पाहिजे. माझा भाचा अमेरिकेत आहे. त्यानं सांगितलं की तिथं म्हाताऱ्यांसाठी 1965 च्या कायद्यानं आलेला मेडिकेअर नावाचा सरकारी आरोग्य विमा आहे, पण नेहमीचे दातांचे उपचार आणि कवळी मूळ मेडिकेअरमध्ये येत नाहीत, आणि सगळे दात गमावलेल्या म्हाताऱ्यांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा काळ्या लोकांत जास्त आहे. ऐकून मला रामदासपेठेतलं ते घर आणि आमचं घर आठवलं.

तर जायचं कुठे? मेडिकल चौकातलं शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय. मेडिकल म्हटलं की लोक मेडिकल कॉलेजच्या मोठ्या इमारतीत शिरतात आणि चुकतात, म्हणून रिक्षावाल्याला "डेंटल कॉलेज" असंच सांगा. इंदोरा, पाचपावली, लष्करीबागेतून यायचं तर मेट्रो मेडिकल चौकापर्यंत नाही. आम्ही बसनं किंवा रिक्षानंच जातो. सकाळी लवकर पोहोचा. दुपारी गेलात तर चिठ्ठी काढण्यातच दिवस जातो.

सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड, दोन्हीच्या झेरॉक्स आणि चालू गोळ्यांची पाकिटं घ्या. नुसती नावं सांगू नका, पाकिटंच न्या. खिडकीवर रेशन कार्ड आधीच दाखवा आणि ज्येष्ठ नागरिक असल्याचं सांगा. सवलत आहे की नाही, कशात आहे, तिथेच विचारून घ्या. पैसे भरले तर पावती जपून ठेवा, दर चकरेला लागते.

पहिल्या तपासणीत डॉक्टरांना एक वाक्य स्पष्ट बोला: "यातले कोणते वाचवता येतील ते आधी सांगा." हे वाक्य आमच्या लोकांच्या तोंडून निघतच नाही. दोन मजबूत दात राहिले तरी अर्धी कवळी त्यांना धरून बसते, आणि खालच्या कवळीला आधार मिळणं मोठी गोष्ट असते. पूर्ण रिकाम्या खालच्या जबड्यावर कवळी सगळ्यात जास्त हलते, कारण जिभेचा धक्का लागतो. आईचे दोन दात असे वाचले.

शुगर-बीपी असेल तर दात काढायच्या आधी तपासून घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनानं बंद करू नका. दाताच्या डॉक्टरला सांगा, हृदयाच्या डॉक्टरला विचारा. दात काढल्यावर हिरडी भरायला वेळ लागतो, साधारण दीड-दोन महिने किंवा जास्तही. लगेच माप घेतलं तर हाड बसल्यावर कवळी सैल होते. तेवढे दिवस आईला मी मुगाची खिचडी, अंडं आणि ज्वारीची आंबील दिली. नुसता भात-पाणी देऊ नका. अशात म्हातारं माणूस लवकर खंगतं.

आता माप. इथे लोक कंटाळून सोडून देतात, म्हणून नीट सांगते. पहिल्या वेळी ट्रेमध्ये मऊ मसाला भरून तोंडात दाबतात. आईला ओकारीची उबळ आली. डॉक्टर मुलगी समजूतदार होती, तिनं आईला पुढे वाकवून नाकानं श्वास घ्यायला सांगितलं, पायाची बोटं हलवायला सांगितली. उबळ थांबली. दुसऱ्या वेळी बारीक माप, तिसऱ्या वेळी वरचा-खालचा जबडा कसा मिटतो ते मेणावर घेतात. चौथी वेळ सर्वांत महत्त्वाची: मेणात दात लावून तोंडात घालून दाखवतात. तेव्हा आरसा मागा. रंग, लांबी, ओठ किती वर येतो, सगळं तेव्हाच बोला, पक्की कवळी झाल्यावर बदल होत नाही. आई आरशात बघून गप्प राहिली, मग हळूच म्हणाली, "पुढचे जरा लहान कर ना बाबू." त्यांनी केले. पाचव्या वेळी कवळी हातात येते. मग टोचतं, म्हणून घासून घ्यायला दोन-तीनदा जावंच लागतं. मापापासून पुढे आमच्या आठ चकरा झाल्या.

कामाचा मोठा भाग विद्यार्थी डॉक्टर करतात, मोठे डॉक्टर तपासतात. वेळ जास्त लागतो, पण काम मन लावून होतं. परीक्षा आणि दिवाळीच्या सुट्या बघून तारखा घ्या. हिंगणा रोडकडच्या वस्त्यांना डिगडोह आणि वानाडोंगरीची खाजगी दंत महाविद्यालयं जवळ पडतात. खर्च आधी विचारून घ्या.

योजनांबद्दल. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला 2024 पासून आयुष्मान कार्ड मिळतं, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरचं आहे. साध्या कवळीसाठी ते घेऊन धावपळ करू नका. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत, 2017 पासून, गरीब ज्येष्ठांना मोफत देण्याच्या वस्तूंत कवळी आहे. ती शिबिरांतून मिळते. समाजकल्याण कार्यालयात आणि नगरसेवकाकडे शिबिराची तारीख विचारत राहा.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाणाऱ्यांचं वेगळं. तोंड दोन बोटांइतकंही उघडत नसेल तर मापाचा ट्रेच आत जात नाही. आधी त्यावर उपचार लागतो. आणि पांढरा-लाल चट्टा किंवा फोड दोन आठवड्यांत भरला नाही, तर कवळीचा विषय बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा. तुकडोजी पुतळ्याजवळचं कॅन्सर हॉस्पिटल मेडिकल चौकापासून लांब नाही.

कवळी घरी आली की रात्री काढून साध्या पाण्याच्या वाटीत ठेवायची. सुकली किंवा गरम पाणी लागलं तर वाकडी होते. मऊ ब्रश आणि साबणानं धुवायची, टूथपेस्टनं ओरखडे पडतात. खाली पाण्याचं टोपलं ठेवा, हातातून निसटली तर फुटणार नाही. पहिले काही दिवस दोन्ही बाजूंनी सारखं, छोटे घास. बोलणं अडखळतं, त्याला पेपर मोठ्यानं वाचणं हा उपाय. आईला वाचता येत नाही. ती रोज संध्याकाळी विहारात वंदना म्हणायची. पहिल्या आठवड्यात "सरणं" चा "स" शिट्टीसारखा निघायचा, ती थांबून पुन्हा म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात तिनं स्वतः भाकर थापली आणि कोरडीच खाल्ली, कांद्यासोबत.

शेजारच्या दोन मावश्यांना येत्या सोमवारी नेते आहे. एकीच्या कार्डावर पत्ता जुना आहे, म्हणून शनिवारी झेरॉक्स आणि दुरुस्ती करून घेऊ. आठ वाजता कमाल चौकात भेटायचं ठरलंय. आई पण येते म्हणाली. ट्रेच्या वेळी उबळ आली तर पायाची बोटं कशी हलवायची, ते मावश्यांना तिलाच दाखवायचं आहे.