नॅटोवालं सीरम: कधी आणि कसं लावायचं
जपानी लोक सोयाबीन उकडून बॅसिलस सबटिलिस नावाच्या बॅक्टेरियाने आंबवतात, त्याला नॅटो म्हणतात, चमच्याने उचललं की लांबच लांब चिकट तारा सुटतात ना, त्यातलंच पॉलीग्लुटामिक ॲसिड आता सीरममध्ये येतं. नाव ॲसिड असलं तरी घाबरू नका, हे सालं काढत नाही, स्किनवर पातळ थर धरून ओलावा अडवतं बस. लेबलवर सोडियम पॉलीग्लुटामेट शोधा.

तोंड धुतल्यावर पूर्ण पुसू नका, ओलसर असतानाच हायलुरोनिक ॲसिडचं (हेही ओलावा धरणारं) किंवा दुसरं पाण्यासारखं सीरम आधी, मग हे, दोन-तीन थेंब पुरे, वरून मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. जास्त थापलं की मळासारख्या वळ्या सुटतात आणि सनस्क्रीनची वाट लागते, तेव्हा मिनिटभर थांबून मगच पुढचा थर, आणि चोळायचं नाही, थापटायचं. पावसाळ्यात मुंबईत चिपचिप वाटलं तर रात्रीच लावा.

सोयाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, बाकीच्यांनी पण कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. आणि हो, घरी सोयाबीन आंबवून थेट चेहऱ्याला फासायचे उद्योग प्लीज नको, त्यात कुठले जंतू वाढलेत ते दिसत नाही.