रस्ता खोदायची नोटीस: नागपुरात या चुका टाळा

वीज म्हणा, फायबर म्हणा, रस्ता खोदायची नोटीस दिली का असं ठेकेदाराला विचारलं की एकच उत्तर, आमच्या कंपनीकडे लायसन्स आहे ना! अहो भाऊ, लायसन्स सेवा द्यायचं आहे, रस्ता त्यांचा नाही. वीज कायदा 2003 चं कलम 67 रस्ता खोदायचा अधिकार देतं हे खरं, पण कामाआधी कशी आणि किती मुदतीची नोटीस द्यायची ते नियमांनी ठरेल असंही तिथंच लिहिलंय, शिवाय नुकसान कमीत कमी करा आणि झालं तर भरपाई द्या, हेही.

सगळ्यात जास्त घोळ नोटीस कोणत्या ऑफिसला द्यायची यात होतो. एक रस्ता मनपाचा, पुढचा नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास), त्यापुढचा पीडब्ल्यूडी नाहीतर हायवेवाल्यांचा. आधी रस्ता कोणाचा ते बघा, मग पत्र टाइप करा.

फ्रँचायझी, म्हणजे लायसन्सवाल्या कंपनीच्या वतीनं काम बघणारे, असाल तर आणखी जपून. 2011 ते 2019 महाल, गांधीबाग, सिव्हिल लाइन्सची वीज एसएनडीएल ही खासगी कंपनी बघायची, लायसन्स मात्र महावितरणचंच होतं. म्हणून कोणाच्या वतीनं लिहिताय ते पत्रात लिहा आणि अधिकारपत्राची झेरॉक्स जोडा.

"केबलचे काम करणार आहोत, सहकार्य करावे" एवढ्या दोन ओळींना नोटीस म्हणत नाहीत. कुठून कुठपर्यंत, रस्त्याची कोणती बाजू, किती मीटर लांब, किती रुंद, डांबरी की सिमेंट (सिमेंट रोड कापला की जोड दिसतोच, तो नीट भरायला वेळ लागतो), कोणत्या तारखा, साइटवरच्या माणसाचा मोबाइल, हे सगळं हवं. आवक नंबर आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

परवानगी मुख्यालयातून निघते आणि झोनच्या जेईला (ज्युनियर इंजिनिअरला) पत्ताच नसतो, मग लोकांचे फोन त्यालाच जातात आणि तो मशीन थांबवतो. मनपाचे दहा झोन आहेत, ज्याच्या हद्दीत काम त्याला प्रत द्याच. काम थांबवलं तर तिथं वाद घालू नका, परवानगी न् पोच दाखवा आणि नवीन तारखेचं पत्र त्याच दिवशी द्या.

'कॉल बिफोर यू डिग' ॲप मार्च 2023 पासून आहे, खोदकामाची माहिती त्यात टाकली की खाली ज्यांच्या केबल, पाइप आहेत त्यांना मेसेज जातो. इतवारीच्या गल्लीत तर हे टाळूच नका.

काम झाल्याचं पत्रही फोटोसकट द्या, नाहीतर पावसात तिथं दुसऱ्यानं पाडलेला खड्डाही तुमच्याच नावावर चढतो.