आठवड्याचे नवे चित्रपट : काय पाहायचे, हे आधीच कसे ठरवावे

येत्या आठवड्यात प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपैकी आपल्याला कोणता आवडेल, याचा अंदाज तिकीट काढण्यापूर्वी बऱ्याच अंशी बांधता येतो. त्यासाठी सर्वाधिक गाजावाजा झालेल्या चित्रपटापासून नव्हे, तर आठवड्याच्या संपूर्ण यादीपासून सुरुवात करावी. “ट्रेलर पाहा आणि मनाला पटेल तो चित्रपट निवडा” हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला मला अत्यंत अपुरा वाटतो, कारण त्यात सर्वांत फसव्या साधनालाच सर्वाधिक महत्त्व दिलेले असते.

यादी सोमवारी किंवा मंगळवारी करावी आणि जुन्या चित्रपटांची पुनर्प्रदर्शने वेगळी काढावीत. अनेक देशांत नवे चित्रपट शुक्रवारी लागतात, परंतु फ्रान्समध्ये ते बुधवारी आणि जर्मनीत गुरुवारी लागतात. त्यामुळे एखादा चित्रपट दुसरीकडे आधीच पोहोचला आहे का किंवा एखाद्या महोत्सवात दाखवला गेला आहे का, हे याच वेळी पाहून ठेवावे.

त्यानंतर, आणि ट्रेलर पाहण्यापूर्वीच, नावे वाचावीत. नटांच्या आधी दिग्दर्शक, पटकथाकार, संकलक आणि छायालेखक यांची नावे पाहावीत, तसेच दिग्दर्शकाच्या मागच्या दोन चित्रपटांबद्दल आपले स्वतःचे मत काय होते, ते आठवावे. भित्तिपत्रकावर “अमुक चित्रपटाच्या निर्मात्यांकडून” असे लिहिलेले असेल, तर त्या चित्रपटाचा दिग्दर्शक किंवा लेखक या नव्या चित्रपटात असेलच असे नाही. हॉलिवूडच्या श्रेयनामावलीत दोन लेखकांच्या नावांमध्ये ‘अँड’चे चिन्ह (&) असेल, तर त्यांनी जोडीने लिहिलेले असते, तोच शब्द अक्षरांत (and) असेल, तर त्यांनी स्वतंत्रपणे, बहुधा एकामागून एक, पटकथेवर काम केलेले असते. असे स्वतंत्र लेखक बरेच असले म्हणजे चित्रपट वाईट ठरत नाही, पण पटकथा अनेकदा बदलली गेली असावी, हे त्यावरून समजते.

आता ट्रेलर. खरी अडचण येथे आहे, म्हणून येथे घाई करू नये.

ट्रेलर बहुधा चित्रपटाचा दिग्दर्शक किंवा संकलक तयार करत नाही. मोठ्या चित्रपटांसाठी हे काम जाहिरातीत तरबेज असलेल्या स्वतंत्र संस्थांकडे दिले जाते. अनेकदा ते चित्रपटाचे संकलन पूर्ण होण्यापूर्वीच सुरू होते आणि त्यामुळे अंतिम चित्रपटात नसलेली दृश्येही ट्रेलरमध्ये दिसतात. एका प्रसंगातला संवाद दुसऱ्याच प्रसंगातल्या चेहऱ्यावर बसवलेला असतो. मुख्य म्हणजे पार्श्वसंगीत हे चित्रपटनिर्मितीच्या अखेरच्या टप्प्यात पूर्ण होत असल्याने ट्रेलरमधले संगीत पुष्कळदा त्या चित्रपटाचे नसतेच. आपल्या अंगावर जो काटा येतो, तो त्या उसन्या संगीतामुळे आलेला असू शकतो.

म्हणून ट्रेलर प्रथम आवाज पूर्ण बंद करून पाहावा, असे माझे ठाम मत आहे. आवाज नसताना चौकटीची मांडणी, प्रकाश आणि नटांचे डोळे दिसू लागतात. एखादे दृश्य तीन-चार सेकंद तरी टिकते का, आणि बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याचाही चेहरा दाखवला आहे का, हे पाहावे. मग आवाजासह पाहताना दोन व्यक्तींमधला एखादा संवाद सलग ऐकू येतो का, याकडे लक्ष द्यावे. कौटुंबिक किंवा भावनाप्रधान चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये असा एकही संवाद नसेल, तर मी तो चित्रपट यादीत खाली ढकलतो. विनोदी चित्रपटाच्या बाबतीत कसोटी अधिक कठोर ठेवावी: चांगले विनोद जाहिरातीत वापरण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि तेच ऐकून हसू आले नाही, तर उरलेल्यांवर फारशी आशा ठेवू नये. भयपटाच्या ट्रेलरमधल्या दचकवणाऱ्या आवाजांना मात्र काहीच महत्त्व देऊ नये, कारण ते संकलनाच्या टेबलावर सहज निर्माण करता येतात.

ट्रेलर निम्म्यावर थांबवावा. उत्तरार्धात कथेचे पुढचे टप्पे उघड करण्याची प्रथा इतकी बोकाळली आहे की, शेवटच्या अर्ध्या मिनिटात कळस दिसून जातो. दुसरा ट्रेलर पाहूच नये, आणि ट्रेलरमधली प्रत्येक चौकट थांबवून तिचा अर्थ सांगणाऱ्या चित्रफितींपासून कटाक्षाने दूर राहावे. त्यातून चित्रपटाविषयी काही कळत नाही. उलट प्रेक्षक मनातल्या मनात स्वतःचाच एक चित्रपट रचतो आणि मग पडद्यावरच्या चित्रपटाला त्याच्याशी तोलू लागतो. संथ, अंतर्मुख चित्रपट रहस्यपटासारखा विकला जातो, तेव्हा हीच हानी होते: चांगली कलाकृती केवळ भलत्या अपेक्षेमुळे नावडती ठरते. म्हणून ट्रेलर आणि नावे यांचे म्हणणे परस्परविरोधी असेल, तर नावांवर विश्वास ठेवावा.

समीक्षांचे आकडे वाचताना ते काय मोजतात, हे माहीत हवे. समीक्षा एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत; किती समीक्षकांचे मत अनुकूल आहे, एवढेच ती सांगते. सर्वांना चित्रपट जेमतेम आवडला, तरी ती नव्वदीच्या पुढे जाऊ शकते. मेटाक्रिटिक हे तसेच दुसरे संकेतस्थळ समीक्षकांच्या गुणांची भारित सरासरी, म्हणजे काहींच्या मताला अधिक वजन देऊन काढलेली सरासरी, देते, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत. प्रदर्शनापूर्वी प्रेक्षकांच्या नावाने दिलेले तारे सरळ दुर्लक्षित करावेत. समीक्षा प्रसिद्ध करण्यावरची मुदतबंदी प्रदर्शनाच्या अगदी तोंडावर उठत असेल, तर सावध राहावे, मात्र रहस्य जपण्यासाठीही असे केले जाते. सर्वांत उपयोगी असतात ते ज्यांची आवडनिवड आपल्याला पक्की ठाऊक आहे असे दोन समीक्षक. त्यांतला एक नेहमी आपल्या विरुद्ध मताचा असला, तरी चालतो. त्यांचेही पहिले दोन परिच्छेदच वाचावेत.

लांबी आणि प्रमाणपत्र शेवटी पाहावे. ब्रिटनचे प्रमाणन मंडळ वर्गवारीची कारणे सविस्तर देते. मुले सोबत असतील तर ती अवश्य वाचावीत, पण त्यांत कथानक उघड होऊ शकते.

तिकीट काढल्यावर, चित्रपटाकडून आपली काय अपेक्षा आहे, ती एका वाक्यात लिहून ठेवावी. चित्रपट पाहून आल्यावर ते वाक्य वाचावे आणि ती अपेक्षा नावांवरून, ट्रेलरवरून की समीक्षेवरून बांधली होती, हे त्याच्यासमोर नोंदवावे. पुढच्या सोमवारी नवी यादी करताना ही नोंद समोर ठेवावी.