गिटार आणि बेससाठी केस घेताना या चुका टाळा

माझ्या एका इलेक्ट्रिक गिटारचा हेडस्टॉक, म्हणजे मानेच्या टोकाचा तारांच्या खुंट्यांचा भाग, नटच्या (तारा जिच्यावरून मानेवर येतात त्या पट्टीच्या) मागे मोडला, तेव्हा ती जाड प्लायवुडच्या हार्डकेसमध्ये होती आणि केसचे सगळे खटके नीट लावलेले होते. भिंतीला टेकवून उभी ठेवलेली केस कोणाच्या तरी धक्क्याने पाठीवर आडवी झाली, एवढेच निमित्त घडले. केसवर बाहेरून ओरखडाही उठला नव्हता. झाकण उघडले तेव्हा मात्र तारा ढिल्या पडून फ्रेटबोर्डवर लोळत होत्या आणि हेडस्टॉक पुढच्या बाजूच्या काळ्या व्हिनियरच्या पापुद्र्यावर लोंबकळत होता. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने गिटार बाजूला ठेवून आधी रिकामी केस मागितली आणि मानेखालची उशी अंगठ्याने दाबून दाखवली. आतला फोम दबून पार बसला होता. त्यामुळे मान अधांतरी राहून हेडस्टॉकचे टोक केसच्या तळाला टेकत होते.

केस घेताना बहुतेक जण बाहेरचा कडकपणा पाहतात, आणि पहिली चूक तिथेच होते. वाद्य केसमध्ये कुठे टेकते आणि कुठे मोकळे राहते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. लेस पॉल घडणीच्या गिटारमध्ये मान आणि हेडस्टॉक बहुधा महोगनीच्या एकाच तुकड्यातून कापलेले असतात आणि हेडस्टॉक मागे झुकलेला असतो. हा कोन काही गिटारमध्ये १७ अंशांपर्यंत असतो. त्या वळणावर लाकडाचे रेषे आखूड होतात, शिवाय ट्रस रॉडचा, म्हणजे मान सरळ राखणाऱ्या आतल्या धातूच्या दांडीचा, फिरवायचा नट बसवण्यासाठी नेमके तिथलेच लाकूड कोरून काढलेले असते. केस पाठीवर पडताना तळाला टेकलेले टोक पुढे ढकलले जाते, तारांचा ताणही त्याच दिशेने ओढत असतो, आणि मागच्या बाजूने चीर उघडते. फेंडर घडणीची मेपलची मान आणि तिच्याच पातळीतला सपाट हेडस्टॉक या बाबतीत बराच चिवट असतो, पण तोही निर्धास्त सोडण्यासारखा नाही.

म्हणून केस पाहायला जाताना आपले वाद्य सोबत न्यावे. वाद्य केसमध्ये ठेवल्यावर बॉडीचा परिघ अस्तराला सर्व बाजूंनी सैलसर न राहता टेकला पाहिजे, मानेला उशीचा आधार मिळाला पाहिजे, आणि हेडस्टॉकखालून हाताची बोटे सहज पलीकडे गेली पाहिजेत. नंतर झाकण लावून केस उभी धरावी आणि हलकेच पुढे-मागे झुकवावी. आतून ‘ठक’ असा आवाज आला, तर ती केस त्या वाद्याची नव्हे. केस आधीच घेतलेली असेल आणि उशी दबली असेल, तर जुन्या फ्लॅनेलची घडी घालून ती मानेखाली, साधारण तिसऱ्या-चौथ्या फ्रेटच्या जागी ठेवावी. हेडस्टॉकखाली ती कधीही ठेवू नये. आधार देण्याच्या सद्हेतूने अनेक जण नेमके तेच करतात.

मापाच्या बाबतीत ‘फुल साइझ’ या शब्दावर विसंबणे ही दुसरी चूक. ड्रेडनॉट या मोठ्या बॉडीच्या अकूस्टिक गिटारची रुंदी खालच्या बाजूला जवळपास ४० सेंटिमीटर असते, तर क्लासिकल गिटारची साधारण ३६ ते ३७. त्यामुळे ड्रेडनॉटच्या बॅगेत क्लासिकल गिटार अक्षरशः पोहत राहते. बेसचा प्रश्न लांबीचा असतो. १९५१ साली आलेल्या फेंडरच्या प्रिसिजन बेसपासून ३४ इंचांचे, म्हणजे ८६४ मिलिमीटरचे स्केल (नटपासून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंतची तारेची लांबी) रूढ झाले, आणि असा बेस एकूण ११५ सेंटिमीटरच्या आसपास लांब भरतो. पाच तारांचे काही बेस ३५ इंच स्केलचे असतात आणि त्यांचा हेडस्टॉकही मोठा असतो, त्यामुळे चार तारांच्या बेसची केस त्यांना पुरेल असे गृहीत धरता येत नाही. एकूण लांबी, बॉडीची वरची व खालची रुंदी, बॉडीची जाडी आणि हेडस्टॉकची रुंदी अशी पाच मापे कागदावर लिहून न्यावीत. लांबी मोजताना पट्ट्याची खालची खुंटीही धरावी. स्ट्रॅपलॉक, म्हणजे पट्टा सुटू न देणारे खटके, बसवलेले असतील तर ते आणखी जागा खातात.

या खालच्या खुंटीकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. गिगबॅग, म्हणजे पाठीला लावायची मऊ बॅग, जमिनीवर उभी टेकवली की वाद्याचा सगळा भार तिच्यावर येतो. पिकअप बसवलेल्या अकूस्टिक गिटारमध्ये त्याच जागी वायर जोडायचा जॅक असतो, आणि बॅग जरा जोरात आपटली तर तो आत ढकलला जाऊन तिथला ठोकळा किंवा बाजूची पातळ फळी चिरते. गिगबॅग घेताना तळाशी आतून अंगठा दाबून पाहावा. तिथे घट्ट फोमचा किंवा रबराचा जाड थर असावा. नुसतेच कापड हाताला लागले, तर बाकीचे पॅडिंग कितीही जाड असले तरी ती बॅग परत ठेवावी.

तंबोऱ्यावर घालतात त्या कापडी आवरणाला आपल्याकडे गवसणी म्हणतात. अगदी स्वस्त गिगबॅग ही खरे तर गवसणीच असते. ती धूळ आणि ओरखडे अडवते, मार अडवत नाही. मात्र याचा अर्थ प्रत्येकाने हार्डकेस घ्यावी असा नाही. सुमारे चार किलोचा बेस आणि पाच-सहा किलोची लाकडी केस हातात धरून रोज लोकलच्या गर्दीत शिरणे किंवा दुचाकीवर बसणे शक्य नसते. असा माणूस दोन महिन्यांत केस घरी ठेवून वाद्य जुन्या पातळ बॅगेतून न्यायला लागतो, आणि केसवर केलेला खर्च माळ्यावर जातो. रोजच्या प्रवासासाठी दोन-अडीच सेंटिमीटर घट्ट फोमची, मानेला आतून आधार असलेली गिगबॅग अधिक शहाणपणाची ठरते. ती घेण्यापूर्वी पाठीला लावून स्कूटरवर बसून पाहावे. बॅगेचा तळ सीटला टेकला की बॅग वर उचलली जाते, खांद्याचे पट्टे सैल होतात आणि वाद्याची मान प्रत्येक खड्ड्याला हेल्मेटवर आपटू लागते. बेस असेल तर रिक्षाचा टप आणि दाराची चौकट या दोन गोष्टी आपली उंची आता किती झाली आहे याची आठवण करून देतातच.

पावसाळ्यात ‘वॉटरप्रूफ’ या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये. कापड पाणी धरून ठेवत नसले, तरी चेन आणि शिवणीचे टाके यांतून ते झिरपते; म्हणून वरून घालायचे वेगळे रेनकव्हर लागतेच. त्याहून मोठी चूक घरी पोहोचल्यावर होते, ती म्हणजे ओली बॅग वाद्यासह तशीच कोपऱ्यात उभी करणे. फोम आणि मखमली अस्तर ओल धरून ठेवतात. भरीव लाकडाच्या गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि कोकण-मुंबईत जुलैमधली हवा याच्या कितीतरी वर असते. वाद्य बाहेर काढून पुसावे, बॅग पंख्याखाली उघडी ठेवावी आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात.

उन्हात लावलेल्या मोटारीच्या डिकीत ठेवलेले वाद्य कोणतीही साधी केस वाचवू शकत नाही. आतले तापमान ६० अंशांच्या घरात गेले की ब्रिज चिकटवलेला सरस मऊ पडू लागतो, आणि तारांचा सत्तर-पंचाहत्तर किलोंचा ओढा तो ब्रिज मागच्या कडेने उचलतो. काळी केस तर ऊन अधिकच शोषते.

विमानाचा विचार वेगळा करावा लागतो. देशांतर्गत प्रवासात हातातल्या सामानाची सर्वसाधारण मर्यादा ७ किलो आणि तिन्ही मापांची बेरीज ११५ सेंटिमीटर अशी असते, आणि गिटार एकटीच मीटरभर लांब असते. त्यामुळे गिगबॅग घेऊन विमानतळावर जाणे म्हणजे काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर वाद्य सोपवणे होय. तिकीट काढतानाच विमानकंपनीला लेखी विचारावे आणि जास्तीच्या आसनाची सोय आहे का, हेही पाहावे. सामानात द्यायचेच असेल तर साधी हार्डकेस आणि खरी फ्लाइटकेस यांत गल्लत करू नये. दुकानदार कोणत्याही अ‍ॅल्युमिनियमच्या कडा लावलेल्या पेटीला फ्लाइटकेस म्हणतो. एटीए ३०० या हवाई वाहतुकीच्या पेट्यांसाठीच्या मानकातल्या पहिल्या श्रेणीची पेटी मात्र किमान १०० फेऱ्या टिकेल अशी बांधलेली असते. तिचे वजन बेससह सहज पंधरा किलोंपर्यंत जाते, आणि अनेक तिकिटांवर सामानाची मर्यादा तेवढीच असते. तारा एक-दोन स्वर उतरवाव्यात, पूर्ण सोडू नयेत. उतरल्यावर केस लगेच उघडू नये. थंडगार वाद्याला दमट हवा लागली की त्यावर दव धरते, आणि जुन्या लॅकरला बारीक भेगा पडतात. अर्धा-पाऊण तास थांबलेले बरे.

आता नेहमी येणाऱ्या काही तक्रारींविषयी. खटका लागत नसेल तर झाकण दाबून बसवू नये. बहुतेक वेळा बॉडीवर राहिलेला पट्टा, कापो (मानेवर लावायचा तारा दाबणारा चाप) किंवा ट्यूनर आड येत असतो, आणि तो दाबला की ब्रिजवर नाहीतर रंगावर खोल वण उमटतो. गिगबॅगच्या पुढच्या खिशात पेडल ठेवण्याची सवयही याच कारणासाठी मोडावी, कारण तो खिसा नेमका तारांवर येतो. चेन वळणावर अडकत असेल तर तिच्यावर मेणबत्ती घासावी. दाते उसवले असतील तर चेन बदलून घ्यावी, सेफ्टी पिनवर दिवस काढू नयेत. मुठीखालचे टाके किंवा रिव्हेट महिन्यातून एकदा ओढून पाहावेत. आणि नव्या केसमधून प्लॅस्टिकचा उग्र वास येत असेल व गिटारला नायट्रोसेल्युलोज लॅकर असेल, तर वास जाईपर्यंत ती गिटार आत ठेवू नये, कारण काही व्हिनाइल आणि फोम या लॅकरला मऊ करतात आणि अस्तराची जाळी गिटारच्या पाठीवर कायमची उमटते.