जिप्सी उंच करताना स्टेअरिंग कसं सांभाळावं

जिप्सीचे पाटे (लीफ स्प्रिंग) बदलून गाडी दोन इंच उचलणं हे एका रविवारचं काम आहे. नंतर तीच गाडी घोडबंदर रोडवर सरळ चालली पाहिजे, आणि त्याबद्दल कोणी धड सांगत नाही. ‘लांब शॅकल टाक, झालं’ हा सल्ला देणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. (शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती पट्टी.)

आधी कागदांचं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांचे नियम आहेत. काय चालेल ते आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारून घ्या.

सुरुवात स्टेअरिंगपासून करा. जुना ढिलेपणा उंच गाडीत दुप्पट जाणवतो. चाकं जमिनीवर ठेवून कोणाला तरी स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि खाली झोपून एकेका जोडावर हात ठेवा. ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा), टाय रॉडचे (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड, किंगपिनच्या (ज्यावर चाक वळतं त्या खिळीच्या) बेअरिंग, जिथे खट्ट लागेल ते बदला. प्ले घालवायला स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू पिळू नका. बॉक्स मध्यावर मुळातच घट्ट असतो. आणखी आवळलात तर तो अडकायला लागतो आणि आतून झिजतो.

पाटे उतरवणं-चढवणं सोपं आहे. नट आदल्या रात्री तेलात भिजवा, चासी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) नीट टेकवा, यू-बोल्ट नवेच घ्या. पाट्यांच्या टोकांतल्या रबरी बुशचे नट मात्र गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत. चाकं टेकवून, गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावर आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शॉकअप उंचीप्रमाणे लांब हवेत आणि चाक पूर्ण लोंबलं तरी ब्रेकचा होज ताणला जाता कामा नये.

आता कास्टर. इथेच मी फसलो होतो.

किंगपिनचं वरचं टोक किंचित मागे झुकलेलं असतं. त्या झुकावाला कास्टर म्हणतात आणि त्यामुळेच वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. तिथे लांब शॅकल लावलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, ॲक्सल पुढे कलतो आणि कास्टर कमी होतो. मी नेमकं तेच केलं होतं. माजिवड्याच्या उड्डाणपुलावर, साठच्या वेगाला, पुलाच्या जोडावरून चाक गेलं आणि अख्खं पुढचं धूड थरथरायला लागलं. स्टेअरिंग हातात राहीना. हळूहळू वेग उतरवून गाडी कडेला घेतली, तेव्हा पाय लटपटत होते.

एका गॅरेजवाल्यानं बॅलन्सिंग करून दिलं, दुसऱ्यानं स्टेअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा छोटा शॉकअप) बदलला. थरथर कमी झाली, गेली नाही. डॅम्पर दुखणं झाकतो, बरं करत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

मोजा. सपाट फरशीवर गाडी उभी करा आणि किंगपिनच्या वरच्या टोपणाच्या सपाट जागेवर, गाडीच्या लांबीच्या दिशेनं, कोनमापक ठेवा. मोबाइलवरचाही चालतो. पुढची बाजू तीन-चार अंश वर दिसली पाहिजे. माझा आकडा शून्याखाली होता.

इलाज म्हणजे पाटा आणि ॲक्सलमधली पोलादी पाचर. ॲल्युमिनियमची घेऊ नका, ती तडकते. जिप्सीचा पाटा ॲक्सलच्या खाली असतो, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे. पाटे ॲक्सलच्या वर घेतलेली गाडी असेल तर जाड बाजू मागे. उलटी बसवलीत तर होता तो कास्टरही जाईल. सेंटर बोल्ट तेवढा लांब लागतो, तो सोबतच आणा. दोन-तीन अंशांच्या वर जाऊ नका, कारण ॲक्सल मागे कलला की डिफरन्शिअलचं तोंड खाली जातं आणि त्याला जोडलेल्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टचे (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) जोड तिरके चालून कंप देतात. एवढ्या पाचरीनं कास्टर येत नसेल तर शॅकल जास्तच लांब आहे. ते काढा आणि जास्त कमान असलेले पाटे घाला. मी शेवटी तेच केलं.

गाडी उचलल्यावर स्टेअरिंग तिरकं दिसेल. ते काढून सरळ बसवायचा मोह टाळा. ड्रॅग लिंकची लांबी फिरवून सरळ करा, म्हणजे बॉक्स मध्यावर राहील. टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं, मी 3 मिमी ठेवतो.

पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, आधी वीसच्या वेगात वळवून हात सैल सोडा. स्टेअरिंग स्वतःहून परत आलं तरच चाळीस आणि साठ. मग 100 किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा. पाचर दबून बसते, तेव्हा नट सैल पडतात.