नेटवर्क ड्रायव्हरमधील बफर: ताबा कोणाकडे आणि कुठपर्यंत

लिनक्ससाठी नेटवर्क ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारा कोड) लिहायला घेतल्यावर बफर, म्हणजे पॅकेटचे बाइट तात्पुरते ठेवण्याची जागा, केवढा घ्यावा हा प्रश्न आधी पडतो. पण त्याहीआधी ठरवायचे असते ते हे की, कोणत्याही क्षणी तो बफर कोणाच्या ताब्यात आहे. ताबेदार तीनच: ड्रायव्हर, कार्ड आणि वरचा नेटवर्क स्टॅक (कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, पॅकेटवर पुढचे काम करणारा भाग). कोड लिहिण्यापूर्वी रिंगमधल्या (ड्रायव्हर आणि कार्ड यांच्यातल्या चक्राकार यादीतल्या) एका डिस्क्रिप्टरचा, म्हणजे बफरचा पत्ता व लांबी सांगणाऱ्या नोंदीचा, पूर्ण फेरा कागदावर काढावा आणि ताबा कोणत्या ओळीवर बदलतो याची तेथे नोंद करावी. ज्या ओळीबद्दल उत्तर देता येत नाही, तेथे बहुधा पुढे गळती तरी होते किंवा एकच बफर दोनदा मोकळा केला जातो.

आकाराचा हिशोब साधा दिसतो, पण फसवा आहे. इथरनेटचे हेडर 14 बाइटचे, आतला मजकूर 1500 बाइटचा, व्हीलॅनची (आभासी स्थानिक नेटवर्कची) खूण 4 बाइटची आणि कार्ड शेवटची तपासणी-बेरीजही लिहीत असेल तर आणखी 4, असे मिळून 1522 बाइट होतात. स्मृतीच्या 4096 बाइटच्या पानाचे दोन भाग केले तर प्रत्येकी 2048 मिळतात, म्हणजे 526 बाइट उरतात. त्याच बफरभोवती थेट एसकेबी (कर्नलमध्ये एक पॅकेट दर्शवणारी रचना) उभारायचा असेल तर शेवटी कर्नलच्या स्वतःच्या नोंदीसाठी 64 बिट यंत्रांवर साधारण 320 बाइट सोडावे लागतात आणि सुरुवातीलाही मोकळी जागा ठेवावी लागते. ही जागा 64 बाइट असेल तर सर्व बसते. एक्सडीपीसाठी (पॅकेट स्टॅककडे जाण्याआधी ड्रायव्हरमध्येच हाताळण्याच्या कर्नलच्या सोयीसाठी) ती 256 करताच मात्र हिशोब कोलमडतो. म्हणून एक्सडीपी पुढे कधीतरी लागणार असेल, तर अर्ध्या पानाची मांडणी सुरुवातीलाच सोडून द्यावी.

बफर कार्डाला देण्याआधी त्याचे डीएमए मॅपिंग करावे लागते, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता कार्डाला ती स्मृती थेट वाचता-लिहिता येईल अशी सोय करावी लागते. मॅपिंगमधून मिळणारा पत्ता हा कार्डाने वापरायचा पत्ता असतो; आयओएमएमयू (कार्डाने वापरलेले पत्ते भौतिक पत्त्यांत बदलणारे हार्डवेअर) असलेल्या यंत्रावर तो भौतिक पत्त्याहून वेगळा असू शकतो. मॅपिंग फसू शकते, आणि ते फसले की नाही हे कर्नलने त्यासाठी दिलेल्या तपासणीनेच पाहावे, शून्याशी तुलना करून नव्हे. कार्डाने लिहिलेले बाइट वाचण्यापूर्वी बफर प्रोसेसरसाठी सिंक करावा (म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांना तेच बाइट दिसतील असे करावे), आणि तोच बफर परत रिंगमध्ये टाकायचा असेल तर कार्डासाठी सिंक करावा. हे विसरले तरी एक्स८६ यंत्रावर सहसा काही बिघडत नाही, कारण तेथे कॅशची (प्रोसेसरजवळच्या जलद स्मृतीची) मुख्य स्मृतीशी सुसंगती हार्डवेअर सांभाळते. तोच ड्रायव्हर एखाद्या एआरएम बोर्डावर चढवला की पॅकेटात जुनेच बाइट दिसू लागतात, आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

पॅकेट स्वीकारण्याच्या मार्गावर एकच नियम कसोशीने पाळावा: भरलेला बफर वर पाठवण्यापूर्वी त्याच्या जागी येणारा नवा बफर हाती असावा. नवा मिळाला नाही तर आलेले पॅकेट टाकून द्यावे, टाकलेल्यांच्या मोजणीत एक वाढवावा आणि जुनाच बफर कार्डाला परत द्यावा. एक पॅकेट गमावणे परवडते, रिंग रिकामी होणे परवडत नाही. कारण रिंग पूर्ण रिकामी झाली की नवे पॅकेट येणार नाही, म्हणून इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक) येणार नाही, आणि इंटरप्ट नाही म्हणून रिंग पुन्हा भरणारा कोडही चालणार नाही. भरणे वेगळ्या टप्प्यात, गठ्ठ्याने करणाऱ्या ड्रायव्हरने अशा वेळी थोड्या विलंबाने पुन्हा प्रयत्न करणारे काम कर्नलकडे लावून ठेवावे.

नव्या ड्रायव्हरने हे सारे हाताने करण्याऐवजी पेज पूल वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आवृत्ती 4.18 पासून कर्नलमध्ये असलेली ही सोय पानांचे मॅपिंग टिकवून ती पुन्हा वापरात आणते. मात्र एसकेबीवर पुनर्वापराची खूण करायला विसरू नये; ती नसेल तर पाने पूलकडे परतत नाहीत आणि इंटरफेस बंद करताना पूल त्यांची वाट पाहत अडकून राहतो.

पाठवण्याच्या बाजूला एसकेबीचा मुख्य भाग आणि त्याचे तुकडे वेगवेगळे मॅप होतात. मधल्याच तुकड्याचे मॅपिंग फसले तर आधीचे सर्व उलट क्रमाने, ज्या प्रकाराने व ज्या लांबीने मॅप केले त्याच प्रकाराने आणि लांबीने सोडवावेत, एसकेबी मोकळा करावा आणि तरीही काम झाल्याचेच उत्तर द्यावे. ‘रांग भरली आहे’ असे उत्तर दिले तर एसकेबीचा ताबा स्टॅककडेच राहतो, तेव्हा त्याला हात लावू नये. डिस्क्रिप्टरमध्ये पत्ता आणि लांबी आधी लिहावी, मग मेमरी बॅरियर (आधीचे लेखन आधीच दिसेल याची हमी देणारी सूचना) घालावा आणि ताब्याचा बिट सर्वांत शेवटी चढवावा. क्रम चुकला तर कार्ड अर्धवट लिहिलेला डिस्क्रिप्टर उचलते. कार्डाने काम पूर्ण केल्याचे कळवेपर्यंत बफर मोकळा करू नये.

इंटरफेस बंद करताना रांग थांबवावी, नापी (पॅकेट गठ्ठ्याने हाताळणारी कर्नलची यंत्रणा) बंद करावी, कार्डाचे डीएमए खरोखर थांबल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच मॅपिंग सोडवून स्मृती परत करावी. शेवटच्या दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली, तर कार्ड आता दुसऱ्याच्या झालेल्या पानावर लिहीत राहते. चाचणीसाठी डीएमए डीबग (मॅपिंगच्या चुका पकडणारी सोय) आणि केसॅन (स्मृतीचा चुकीचा वापर पकडणारी सोय) चालू केलेले कर्नल घ्यावे, स्मृती-वाटप मुद्दाम फसवणारी कर्नलची सोय वापरावी, आणि दोन्ही दिशांनी भरपूर पॅकेट वाहत असतानाच इंटरफेस पुन्हा पुन्हा बंद-चालू करावा.