शिंगं नसलेल्या हरणाचं वय कसं ओळखावं: विस्कॉन्सिनमध्ये धनुष्याने शिकार शिकणाऱ्यांसाठी

नराची शिंगं लांबूनच बरंच काही सांगून टाकतात. मादीच्या बाबतीत ती सोय नाही, आणि धनुष्याने शिकार शिकणारे बहुतेकजण सुरुवात मादीपासूनच करतात. समोर आलेली पूर्ण वाढलेली मादी आहे, दीड वर्षाची आहे, की त्याच वर्षीचं पाडस आहे, हे केवळ अंगकाठीवरून ठरवावं लागतं. तेही बऱ्याचदा संधिप्रकाशात, झाडावर बसून, छाती धडधडत असताना. मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहराच्या पश्चिमेला टेकड्यांच्या आणि मक्याच्या शेतांच्या भागात शिकार करतो. इथे स्थायिक झालेले काही मराठी मित्र याबद्दल विचारत असतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी कायद्याचं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळ-सांबराला हात लावणं हा गुन्हा आहे आणि तो तसाच असायला हवा. इथली स्थिती वेगळी आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या अफाट आहे, लांडगे दक्षिण भागात जवळपास नाहीत, आणि किती हरणं मारायची हे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं दरवर्षी ठरवतं. 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला परवान्याआधी शिकारी सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागतं. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होऊन जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. बिनशिंगी हरणाचा टॅग, म्हणजे एक हरीण मारण्याची परवानगी, ठरावीक काउंटीचा (जिल्ह्याचा) असतो, आणि खासगी जमिनीसाठी वेगळा, सरकारी जमिनीसाठी वेगळा. नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने वाचा, कारण टॅगची संख्या बदलते. बंदुकीच्या हंगामात धनुष्यवाल्यांनीही भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे घालायचे असतात.

मादीच का, हा प्रश्न घरचे विचारतातच. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर मारून कळप आटोक्यात येत नाही. चांगलं खाणं मिळालेली मादी बहुधा जुळी पिल्लं देते, आणि शेतीच्या भागात काही माद्या पहिल्याच वर्षी गाभण राहतात. कळप आवाक्यात ठेवायचा तर मादीच कमी करावी लागते. दुसरा प्रश्न जास्त कठीण: तिच्या पाडसांचं काय? पाडसं मेअखेर ते जूनमध्ये जन्मतात आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्यांचं दूध जवळपास सुटलेलं असतं, चरूनच पोट भरतं. आईवाचून ती जगू शकतात. तरीही हंगामाच्या पहिल्या आठवड्यांत अंगावर ठिपके असलेलं पाडस मादीच्या मागे दिसलं, तर मी बाण ओढत नाही. नियम आडवा येत नाही, मला ते करवत नाही. ऑक्टोबरमध्ये करड्या हिवाळी केसांत ठिपके नाहीसे होतात.

आता मुख्य मुद्दा. नवखा माणूस आकार बघतो, आणि तिथेच फसतो. एकट्या हरणाचा आकार कळत नाही. शेजारी मोजायला काही नसतं. म्हणून आकार सोडा, प्रमाण बघा.

सगळ्यात आधी तोंड. पाडसाचा चेहरा आखूड असतो, डोळ्यापासून नाकापर्यंतचं अंतर कमी, त्यामुळे कान डोक्याच्या मानाने मोठे वाटतात. पूर्ण वाढलेल्या मादीचं तोंड लांबोळकं दिसतं, आणि तेच कान तिला शोभतात. मग मान: पाडसाची आखूड, मादीची लांब आणि सडपातळ. मग धड: बाजूने बघितलं तर पाडसाचं धड जवळपास चौकोनी, मादीचं स्पष्ट आयताकृती. तीन-चार वर्षांपुढच्या मादीचं पोट थोडं खाली आलेलं असतं आणि पाठही किंचित खोलगट दिसते. दीड वर्षाची मादी या दोन्हींच्या मध्ये, लांब पायांची, सुटसुटीत अंगाची. तिला अडीच वर्षांच्या मादीपासून वेगळं काढणं मला अजूनही दरवेळी जमत नाही, आणि त्यासाठी कुणी अडून बसू नये. पाडस आणि मोठी मादी यांतला फरक मात्र चुकता कामा नये.

कारण पाडसांत निम्मे नर असतात. त्यांना इथे बटन बक म्हणतात: शिंगांच्या जागी फक्त कातडीखालची बोंडं. कायद्याने ते बिनशिंगीच धरले जातात, पण मादी कमी करायला निघून पुढच्या वर्षीचा नर मारणं कुणालाच नको असतं. दुर्बिणीतून दोन कानांमधला भाग बघा. मादीचा माथा गोलसर असतो, नर पाडसाचा सपाट. वागणंही बघा. शेताच्या कडेला सगळ्यांच्या आधी, एकटं, बेधडक येणारं लहान हरीण बऱ्याचदा नर पाडस असतं. मोठी मादी आधी झाडीत थांबते, वारा हुंगते, पुढचा पाय आपटून बघते. दोन-तीन हरणं एकत्र येईपर्यंत थांबलात, तर तुलना आपोआप होते. मी नवख्यांना एवढंच सांगतो की एकट्या बिनशिंगी हरणावर बाण सोडण्याची घाई नको.

वजनाचा अंदाज पुढे जमतो, पण वजनावरून वय सांगायला जाऊ नका. आमच्या शेतीभागात शरद ऋतूत मोठी मादी जिवंतपणी साधारण 130 ते 160 पौंड भरते, म्हणजे 60 ते 70 किलो, आणि पाडस 70 ते 90 पौंड. उत्तरेकडच्या जंगलात खाणं कमी, हिवाळा कडक, तिथलं गणित वेगळं. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर याच जातीची की डिअर नावाची उपजात आहे. तिची पूर्ण वाढलेली मादी आमच्या पाडसाएवढीही जेमतेम भरते. उपयोगी हिशेब एकच: आतडी काढल्यावर उरतं ते जिवंत वजनाच्या 78 ते 80 टक्के. काट्यावर 110 पौंड दिसले, तर मादी सुमारे 140 पौंडांची होती. त्यातून हाडांशिवाय साफ केलेलं मटण 45 ते 50 पौंड निघतं. अंदाज मनात आधी बांधा आणि मगच काट्यावर टांगा. डोळा अशानेच तयार होतो.

बाण सोडण्याबद्दल थोडक्यात, पण यात तडजोड नाही. उभ्या धनुष्याची (म्हणजे क्रॉसबो नसलेल्या) ओढ, दोरी खेचायला लागणारा जोर, इथे किमान 30 पौंड लागते. झाडावर चढताना पूर्ण अंगाचा सुरक्षापट्टा हवाच, आणि जमिनीवरून पाय सुटण्याआधी तो झाडाला बांधलेल्या सुरक्षादोराला अडकवलेला हवा. मादी तुमच्याकडे आडवी उभी असेल किंवा किंचित पलीकडे वळलेली असेल तेव्हाच हृदय-फुप्फुसावर नेम धरा. सावध मादीवर बाण सोडू नका. आवाज सेकंदाला सुमारे 1,100 फूट जातो, बाण 250 ते 300. तीस यार्डांवर दोरीचा आवाज तिच्या कानी पोचल्यावर बाण येईपर्यंत जवळपास पाव सेकंद मिळतो, आणि तेवढ्यात ती उडी घेण्यासाठी खाली दबते. म्हणून वीस यार्डांच्या आत, मान खाली घालून चरत असलेली मादी. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस लागलं, अर्ध्या तासाने माग काढा. गडद रक्तात हिरवट कण दिसले तर पोटात लागलंय, निमूट परत फिरा आणि कित्येक तास थांबा.

मग खरी परीक्षा होते, दातांची. सेव्हरिंगहाउस या न्यूयॉर्कच्या संशोधकाने 1949 मध्ये मांडलेली पद्धत अजून चालते. खालच्या जबड्याची एक बाजू उघडा आणि टॉर्च लावून दाढा पुढून मागे मोजा. सहापेक्षा कमी म्हणजे पाडस. सहा आहेत, पण तिसरी दाढ तीन कंगोऱ्यांची आणि झिजलेली, म्हणजे दीड वर्षाची. ती दुधाची दाढ असते. तिच्या जागी दोन कंगोऱ्यांची आली की अडीच किंवा पुढे. त्यानंतर चौथी दाढ बघायची: मधली तपकिरी रेघ कडेच्या पांढऱ्या भागापेक्षा अरुंद असेल तर अडीच, तेवढीच किंवा रुंद असेल तर साडेतीन. त्यापुढे झीज मातीवर आणि चाऱ्यावर ठरते, अंदाज ढिला पडतो. नेमकं वय हवंच असेल तर पुढचा दात प्रयोगशाळेत देतात. मुळाच्या कापातली वर्षागणिक वलयं मोजून सांगतात.

दात बघून झाले की डोकं, मानेच्या थोड्या भागासकट, सीडब्ल्यूडीच्या (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या रोगाच्या) तपासणीसाठी द्या. हा मेंदूचा रोग विस्कॉन्सिनमध्ये 2002 मध्ये, आमच्याच भागात पहिल्यांदा सापडला. वय वाढेल तसं त्याचं प्रमाण वाढतं, त्यामुळे जुनी मादी मारलीत तर तपासणी अजिबात टाळू नका. चाचणी फुकट आहे. निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्ये वेगळी चिठ्ठी लावून ठेवा. रोग निघाला तर खायचं नाही. निकाल चांगला आला, तर पाठीचे लांब तुकडे तव्यावर पटकन परता, आणि जुन्या मादीच्या मांड्यांचा खिमा करा. या मटणाला चरबी जवळपास नसते, म्हणून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात तेलाचा हात थोडा सढळ ठेवा.